अकरा महिन्यांची कुदळ

नमस्कार श्रोतेहो.

घोड, प्रवरा, गोदावरी, भीमा, कुठल्याही नदीकाठच्या जुन्या गावात जा आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, पांढर कुठं हो?" तो बसल्या जागेवरून हात करून दाखवेल. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडं, खापरं एकावर एक साठत गेली की टेकाड तयार होतं आणि भोवतालच्या काळ्या रानात ते फिकट दिसतं. मी पुरातत्त्वज्ञ; माझी निम्मी हयात अशा पांढरींवर उत्खनन करण्यात गेली. त्या पांढरीवर गुडघे टेकून बसणाऱ्या माणसांच्या पगाराबद्दल आज बोलायचंय.

खरं म्हणजे आमच्यात 'पगार' हा शब्द फारसा वापरत नाहीत. 'मानधन' म्हणतात. त्यात मान किती आणि धन किती, ते महिनाअखेरीला कळतं. आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न जमवायला मी मध्यस्थी करत होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? म्हटलं, उत्खनन करतो. ते खूश झाले. म्हणाले, "स्वतःचा जेसीबी आहे का?" तेव्हा मी हसले. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, जेसीबी असता तर बरं झालं असतं.

उत्खनन म्हणजे नेमकं काय करतो आम्ही? हाताने विणलेला जुना स्वेटर उसवून बघा. लोकर सगळीच्या सगळी हातात येते, पण स्वेटर जातो. तो कसा विणला होता, कुठे टाका चुकला होता, कोपरावर कुणी रफू केलं होतं, हे उसवता उसवता कुणी लिहून ठेवलं असेल तरच उरतं. खापरं, मणी, हाडं ही आमची लोकर. ती संग्रहालयात जाते, काचेमागे ठेवली जाते, फोटो निघतात. वीण मात्र वहीत असते, आणि वही ज्याची त्यालाच नीट लागते.

एक उदाहरण देते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं खोदलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. शंभराहून अधिक घरं मिळाली. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मातीची भांडी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत बाळ. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली. आज शाळेतल्या मुलालासुद्धा हे माहीत असतं. पण बाळ घरातच पुरलं होतं, हे ठरलं कशावरून? वरच्या थरातून नंतर कुणी खड्डा खणून पुरलेलं असू शकतं ना? ते ठरतं मातीच्या रंगातल्या बोटभर फरकावरून. खड्ड्याची कड घराच्या सारवलेल्या जमिनीला कुठून कापते, ती जमीन खड्ड्यावर पुन्हा सारवली होती का, हे बघायचं असतं. बघायला मिळतं एकदाच. दुपारी जेवायच्या सुट्टीआधी ती कड नोंदवली नाही, तर दुपारनंतर ती घमेल्यात गेलेली असते.

आता तारखा बघा. इनामगावचं खोदकाम संपलं १९८३ साली आणि अहवाल छापून आला १९८८ साली. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं दायमाबाद तुम्हाला ठाऊक असेल. तिथं १९७४ साली एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. त्यानंतर एस. ए. साळी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९७६ ते १९७९ अशी तिथं उत्खननं केली. अहवाल आला १९८६ साली. म्हणजे शेवटची कुदळ पडल्यानंतर सात वर्षं कुणीतरी खापरं मांडत, नकाशे काढत, हाडं मोजत, वह्या ताडून बघत बसलं होतं. सात वर्षं! ती माणसं आळशी नव्हती, हे कामच तेवढं आहे. आणि ते झालं, कारण ती माणसं कायम नोकरीत होती. पहिल्या तारखेला पगार येत होता.

आज साइटवर जी तरुण मुलं दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात सहा महिन्यांचं किंवा अकरा महिन्यांचं नेमणुकीचं पत्र असतं. श्रोतेहो, तुमच्यापैकी भाड्याने राहणाऱ्यांना अकरा महिन्यांचा करार चांगलाच ठाऊक आहे. घरमालकाला भाडेकरूची जी भीती वाटते, तीच आमच्या संस्थांना पुरातत्त्वज्ञाची वाटते, की हा इथंच राहून जाईल. सिझन दिवाळीनंतर सुरू होतो, उन्हाळ्यात कॅम्प उठतो, खापरांच्या पिशव्या खोक्यांत जातात आणि खापरं धुऊन त्यांच्यावर नंबर घालायची वेळ येते तोवर पत्राची मुदत संपते. मुलगा जातो. कुणी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो, कुणी स्पर्धा परीक्षेला बसतो, कुणी बँकेत लागतो. वीण त्याच्या डोक्यात असते, ती त्याच्याबरोबर जाते.

हे झालं शिकलेल्या मुलांचं. त्यांच्याशेजारी जी बाई बसलेली असते, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. एका साइटवर आमच्याकडे एक मावशी यायच्या, साठीच्या आसपासच्या. साइटचं आणि त्यांचं नाव सांगत नाही. मी ट्रेंचच्या, म्हणजे आम्ही खोदत असलेल्या खड्ड्याच्या, कडेला उभी राहून नोंद करत होते. मावशींनी खुरप्याची मूठ जमिनीवर दोनदा आपटली आणि म्हणाल्या, "ताई, हितं पोकळ वाजतंय. खाली खड्डा हाय बगा." मला काही दिसत नव्हतं. त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि हाताच्या पालथ्या बाजूने माती सारली. मग दिसली, राखेची करडी गोल रेघ. ते धान्य साठवायचं बळद निघालं, तळाशी जळके दाणे. संध्याकाळी हजेरीपटावर सही घेताना मी मावशींच्या नावापुढचा रकाना वाचला. अकुशल. पंधरा सिझन केलेली बाई, आणि अकुशल. मी वर विचारलं. उत्तर आलं, दरपत्रकात खोदकाम अकुशलमध्येच धरतात, रस्त्याचं असो की साइटचं. पुढे मी कितीतरी पत्रं लिहिली. रकाना तोच राहिला.

सुरक्षिततेचं तर काही विचारूच नका. २०२४ च्या नोव्हेंबरात गुजरातमध्ये लोथलजवळ मातीचे नमुने घेताना खड्ड्याची भिंत कोसळली आणि एक तरुण संशोधक विद्यार्थिनी गेली. विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की ओल्या मातीची उभी भिंत आधाराशिवाय ठेवू नये, पायऱ्या काढाव्यात. आम्हालाही ते कळतं. पण लाकडाचा आधार, हेल्मेट, विमा ही कलमं अंदाजपत्रकात घातली की तीच आधी कापली जातात. मुलींसाठी साइटवर संडास हवा, हे मागायला मला स्वतःला पाच वर्षं लागली. कारण मागितलं की 'फील्डवर असलं चालत नाही' हे ऐकावं लागायचं. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच कमी प्यायचो. एप्रिलच्या उन्हात.

मग बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये १९९० साली एक नियमावली आली. बांधकाम करण्याआधी त्या जमिनीखाली काय आहे, हे बघायचं आणि त्याचा खर्च बिल्डरने द्यायचा. त्यातून शेकडो तरुणांना काम मिळालं. आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण असा २०१० चा कायदा आहे, पण पांढरीवरून रस्ता गेला तर आधी खोदून नोंद कराच, असं सांगणारा सरसकट कायदा नाही. तो हवाच. पण ब्रिटनमधल्या मुलांचं तरी सगळं गोड आहे असं समजू नका. तिथं कामं टेंडरने जातात, जो कमी बोली लावेल त्याला मिळतात, आणि कमी बोली लागते ती खोदणाऱ्याच्या पगारातून. तिथल्या व्यावसायिक संस्थेला किमान पगाराचे आकडे ठरवावे लागले, कामगार संघटनेला भांडावं लागलं. म्हणजे नुसता पैसा वाढून भागत नाही, तो कुठे मुरतो तेही बघावं लागतं.

हौशी लोकांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. कोकणातली कातळशिल्पं शोधली ती मुख्यतः स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हिंडणाऱ्या माणसांनी, आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण त्यामुळे एक वाईट सवय लागते. मंत्रालयात बसलेल्या माणसाला वाटतं, हे तर लोक आनंदाने फुकट करतात! २०२५ साली महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारशात गेले, ढोल वाजले. त्या किल्ल्यांवरच्या प्रत्येक दगडाची नोंद पुढची वीस वर्षं कोण ठेवणार आणि त्याला महिन्याला किती मिळणार, हे ढोलाच्या आवाजात विचारायचं राहून गेलं.

माझं मागणं फार मोठं नाही. उत्खननाचा परवाना देताना खोदकामाच्या पैशाबरोबर अहवालाचे पैसेही आधी बाजूला ठेवा, आणि अहवाल हातात पडेपर्यंत त्या माणसांना कामावर ठेवा. नसेल जमत तर कुदळ मारू नका. पांढर तीन हजार वर्षं थांबली आहे, अजून दहा थांबेल. आणि मावशींचा रकाना बदला.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो एका बँकेत कर्जविभागात आहे. म्हणाला, "मॅडम, आपल्या त्या साइटच्या पेट्यांचं काय झालं?" म्हटलं, गोडाऊनमध्ये आहेत, तशाच. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "ट्रेंच चारमधली ती चूल मी तिसऱ्या थरात लिहिलीय ना, ती चुकीची आहे. ती दुसऱ्याच थरातली. शेवटच्या दिवशी लक्षात आलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पत्र संपलं." दहा मिनिटं तो बोलत होता. कड कुठून सुरू झाली, राख कुठल्या बाजूला जाड होती, सगळं. आठ वर्षांपूर्वीचं. जवळ वही नव्हती. मी लाईटबिलाच्या मागे सगळं उतरवून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

नमस्कार.