निळ्या डब्यावरचा शब्द

नमस्कार श्रोतेहो.

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. रोमन लिपीतली चार अक्षरं : जी, आय, एफ, टी. गिफ्ट. घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही याचा अर्थ ठाऊक असतो. पण हीच चार अक्षरं, याच क्रमाने, जर्मनीत लिहिलेली दिसली तर त्यांचा अर्थ होतो विष. आणि स्वीडनमध्ये त्यांचे अर्थ दोन : एक विष, दुसरा विवाहित. पुन्हा सांगते, कारण कानाला हे पटकन पटत नाही. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये विष आणि विवाहित.

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते. वर्गात हा शब्द आला की मला माझी मामी आठवते, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझा तास पुढे सरकत नाही. आज तुम्हालाही सांगते.

१९९८ सालची गोष्ट. मामी लेकीच्या बाळंतपणाला स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावी गेली होती. सामानात डिंक, अळीव, खारकेची पूड, गूळ, सगळं इथून नेलेलं. लेक-जावई वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे, खाली घरमालकीण आजी. मामीला जर्मन येत नव्हतं, आजींना इंग्रजी येत नव्हतं. पण बाळ घरी आलं त्या दिवशी आजींनी स्वतः विणलेलं टोपडं वर आणून दिलं होतं. त्यामुळे मामीच्या मनात त्यांच्याबद्दल माया होती, आणि आपल्याकडून परतफेड राहिली आहे ही बोचणीही होती.

तळघरात कपडे धुण्याचं यंत्र होतं. एका सकाळी मामी कपडे आणायला उतरली, तर यंत्राच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा गोल निळा पत्र्याचा डबा. आपण ज्यात सुईदोरा ठेवतो ना, अगदी तसला. त्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत हाताने लिहिलेलं : गिफ्ट. मामीला वाटलं, आजींनी बाळासाठी आणखी काही ठेवलं. ती डबा वर घेऊन आली. झाकण उघडलं, तर आत गुलाबी रंगाचे दाणे. तिला वाटलं, इकडची गोड बडीशेप असावी.

श्रोतेहो, इथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. त्या दाण्यांतला एक दाणा मामीने तोंडात टाकला नाही, याचं कारण एकच. बाहेरून आलेला खाऊ आधी देवापुढे ठेवायचा, मग खायचा, ही तिची आयुष्यभराची सवय. तिने सगळे दाणे एका वाटीत काढले आणि वाटी गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवली. डबा रिकामा झाला. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिने डबा कोरड्या फडक्याने पुसला, त्यात डिंकाचे पाच लाडू ठेवले आणि जिना उतरून आजींचं दार वाजवलं.

आजींनी दार उघडलं. मामीच्या हातात तो डबा, त्यात लाडू. आजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ओरडल्या, “गिफ्ट! गिफ्ट!” मामी हसून म्हणाली, “येस, येस, गिफ्ट! थँक्यू!” आजी आणखी मोठ्याने, “नाइन!”, म्हणजे जर्मनमध्ये नाही, “गिफ्ट!” मामी पुन्हा, “येस, गिफ्ट!” दोघी एकच शब्द बोलत होत्या. दोघी खरं बोलत होत्या. शेवटी आजींनी डबा हिसकावला आणि पाचही लाडू कचऱ्यात टाकले. मामी सांगते, “त्या क्षणी मला रडूच फुटलं. बाळंतिणीचे लाडू गं, असे कुणी टाकतं का?” मग आजींनी स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, मान टाकली. आणि बोटांनी भिंतीच्या कडेने धावणारा उंदीर करून दाखवला.

मामी जिने कशी चढली ते तिलाही सांगता येत नाही. लेक झोपलेली, बाळ झोपलेलं, वाटी तसबिरीपुढे जशीच्या तशी. उंदरांसाठी रंगवलेले गहू होते ते. मागून आजी धापा टाकत आल्या. त्यांनी वाटीसकट दाणे पिशवीत बांधले, मामीचे हात स्वतःच्या हातांत धरून साबणाने तीन-तीनदा धुतले. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मामीने स्टीलच्या डब्यातला लाडू काढून पुढे ठेवला, आजींनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मामीने तो स्टीलचा डबा आजींकडे खाली दिला, तो चार दिवसांनी अक्रोड भरून परत आला.

यात एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. खाण्याच्या डब्यात, पाण्याच्या बाटलीत विषारी वस्तू ठेवू नका. आपल्याकडेही सरबताच्या बाटलीत फिनेल असतं. चिठ्ठी लावली म्हणून काम होत नाही. चिठ्ठी वाचणारा कोण असेल, त्याची भाषा कोणती असेल, काय सांगावं?

आता, एकाच शब्दाची ही गत का झाली? मूळ सोपं आहे. जर्मनमध्ये ‘गेबेन’ म्हणजे देणं, इंग्रजीत ‘गिव्ह’. त्यावरून गिफ्ट, म्हणजे जे दिलं ते. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगी असाच होता. पण ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे पुन्हा ‘देणं’च. लॅटिनमधून तो शब्द युरोपभर गेला, जर्मन लोकांनी त्याचंच आपल्या भाषेत गिफ्ट केलं. विषाचं नाव उघड कोण घेणार? ‘दिलं’ एवढंच म्हणायचं. हळूहळू देणगी मागे पडली, विष उरलं. जुना अर्थ एका शब्दात मात्र टिकून आहे : ‘मिटगिफ्ट’. त्याचा अर्थ हुंडा.

सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याने १५३८ साली लिहिलं, की सगळ्याच वस्तू विष आहेत, विष न ठरणं हे केवळ मात्रेवर. त्याच्या त्या जर्मन वाक्यात विषासाठी ‘गिफ्ट’ आहे आणि मात्रेसाठी ‘डोसिस’. दोन्हींचा मूळ अर्थ देणं! आणि आपण पोलिओचा डोस म्हणतो, तो डोस ग्रीक ‘डोसिस’चाच. त्याचा धातू आणि आपल्या ‘दान’मधला ‘दा’ धातू एकाच कुळातले.

डच लोकांनी एका अक्षराने वाट काढली. शेवटी ‘ट’ असेल तर देणगी, नसेल तर विष.

स्वीडनमध्ये मुलगी ‘दिली’, म्हणून ती ‘गिफ्ट’. उच्चार ‘यिफ्त’सारखा. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही हा शब्द विष आणि विवाहित अशा दोन्ही अर्थांनी चालतो. आपल्या कन्यादानाची लगेच आठवण होते. मुलगी ही द्यायची वस्तू नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे, माझ्या लेकीच्या लग्नात आम्ही तो विधी केला नाही. स्वीडिशमध्ये आज नवराही ‘गिफ्ट’ असतो, हे मला फार आवडतं.

आणि मराठीत? आहेर, ओटी, खाऊ, भेट, बक्षीस, नजराणा. प्रत्येकाची वेळ वेगळी, नातं वेगळं. या सगळ्यांच्या जागी आपण एकच गिफ्ट आणून बसवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मामीने नेलेले लाडू म्हणजे गिफ्ट नव्हतंच, तो खाऊ होता.

तो निळा डबा पुन्हा तळघरातच गेला, पण कुलपाच्या कपाटात. त्याआधी आजी कागद-पेन घेऊन वर आल्या आणि मामीकडून त्या शब्दाचा मराठी अर्थ आपल्या लिपीत लिहून घेतला. मामी इथे परतली तेव्हा डब्यावर दोन पट्ट्या होत्या. एकीवर आजींच्या अक्षरात ‘गिफ्ट’, तिच्याखाली मामीच्या वळणदार अक्षरात ‘विष’.

नमस्कार.