अप्पर, खिंड आणि कालवा

नमस्कार, श्रोतेहो.

मध्यंतरी सोलापूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, हिंजवडीला नोकरी लागली. गाडी घेणार नाहीये, सायकलनंच जाणार. घर कुठं बघू?" हिंजवडीचं आयटी पार्क फेज म्हणजे टप्प्याटप्प्यांत पसरलेलं, म्हणून मी विचारलं, "फेज वनला की फेज थ्रीला?" तर म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो? हिंजवडी ती हिंजवडी." तेव्हाच ओळखलं, या पोराशी एका फोनवर भागायचं नाही. बिचारा सोलापुरात वाढलेला. त्याच्या लेखी चढ म्हणजे फार तर रेल्वेचा पूल.

त्याला जे सांगत बसले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. पंधरा वर्षं मी पुण्यात सायकलनं कचेरीत जाते-येते, आणि तेवढ्या काळात तीन घरं बदलली. पहिलं घर साफ चुकलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ते होतं अप्पर इंदिरानगरच्या बाजूला, बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला. पीएमपीच्या बसवर नुसतं 'अप्पर' लिहिलेलं असतं, आणि पुणेकराला तेवढं पुरतं. खालच्या बाजूला लोअर इंदिरानगर. ज्या वस्तीच्या नावातच 'अप्पर' आहे, तिथं सायकलवालीनं घर घेण्यापूर्वी जरा थांबायला नको का? मी नाही थांबले. एजंट म्हणाला, "शिवाजीनगर ना मॅडम? वीस मिनिटं." ती वीस मिनिटं त्याच्या मोटारसायकलची होती, हे माझ्या डोक्यात अनामत रक्कम दिल्यावर आलं.

पहिल्या दिवशी सकाळी मी अशी गेले की विचारू नका. मार्केट यार्डपर्यंत पॅडल मारावंच लागलं नाही, फक्त ब्रेक. कचेरीत पोचले तर पदर-ओढणी जागच्या जागी, कपाळावर घामाचा थेंब नाही. दिवसभर मी मनातल्या मनात एजंटला आशीर्वाद देत होते. संध्याकाळी कॅरिअरला दोन किलो बटाटे बांधले आणि निघाले. मार्केट यार्ड मागं पडलं आणि रस्ता वर बघायला लागला. थोडा वेळ उभं राहून पॅडल मारलं, मग उतरले, मग ढकलायला लागले. शेजारून एक भंगारवाला हातगाडी ढकलत चालला होता. तोही चढच चढत होता, पत्र्याचं एक अख्खं कपाट घेऊन. तो माझ्या पुढं गेला. मागं वळून "ताई, हवा कमी आहे का?" असंही विचारलं त्यानं. हवा भरपूर होती.

तेव्हापासून मी गावांची, चौकांची नावं नीट वाचायला लागले. आपल्या वाडवडिलांनी नावं ठेवताना जमिनीचा सगळा हिशेब सांगून ठेवलाय. मोबाइलवरच्या नकाशात रस्ता सपाट कागदासारखा दिसतो, पण नावात 'खिंड' आली की समजायचं, इथं डोंगर ओलांडायचा आहे. शिवाजीनगरहून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता म्हणजे गणेशखिंड रस्ता. शाळेच्या इतिहासात चापेकरांमुळे हे नाव पाठ असतं, 22 जून 1897, रँडवर गोळ्या झाडल्या तो दिवस. पण सायकलवर बसल्याशिवाय त्यातली खिंड कळत नाही. 'माळ' म्हटलं की उंचवटा. 'पायथा' म्हटलं की जपून, पायथ्याच्या वर काहीतरी आहेच. 'नाला' किंवा 'ओढा' आला की खोलगट, म्हणजे उतरायचं आणि लगेच चढायचं. सोलापूर रस्त्यावरचा भैरोबा नाला आठवा. आणि 'खडी मशीन चौक' असं नाव ऐकलं तर तिथून डंपर जात असणार हे गृहीत धरायचं. खडी मशीन आज असो वा नसो.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, आणि शहराच्या पोटातच वेताळ टेकडी आहे 800 मीटरच्या आसपास. म्हणजे कोथरूडातून पाषाणला जायचं तर मध्ये टेकडी. आकाशातून कावळा जाईल तर किती जवळ! आपण कावळा नाही. आपल्याला एक तर सेनापती बापट रस्त्यानं वळसा घालायचा, नाहीतर पौड रस्त्यानं चांदणी चौकापर्यंत चढत जायचं आणि पलीकडे उतरायचं. म्हणून किलोमीटर मोजून घर घेऊ नका. पाच किलोमीटर सपाट रस्ता वीस-बावीस मिनिटांत होतो, सिग्नल धरून. तेच पाच किलोमीटर चढाचे असले तर वेळ दीडपट होते आणि शिवाय कपडे बदलावे लागतात.

मग सपाट रस्ता कुठं शोधायचा? याचं उत्तर मला एका निवृत्त पाटकऱ्यानं दिलं. कालव्यावर नोकरी केलेला माणूस. तो म्हणाला, "बाई, पाणी चढ चढत नाही. कालव्याच्या काठानं राहा." किती साधी गोष्ट! मुठेचा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो, सिंहगड रस्त्याच्या बाजूनं पर्वतीच्या पायथ्याशी येतो, स्वारगेट, मग हडपसर, आणि पुढं पार इंदापूरच्या दिशेनं जातो. एवढ्या लांब पाणी वाहत न्यायचं तर टेकडीच्या कडेकडेनं, अगदी हळूहळू उतरत न्यावं लागतं. म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या इंजिनिअरांनी आपल्यासाठी शहराची सपाट रेघ आधीच आखून ठेवली आहे. एरंडवण्यातल्या कॅनॉल रोडचंही तेच. त्या नावाच्या रस्त्यावर सायकल चालवून बघा, मांड्यांना फरक कळतो. माझं दुसरं घर मी असं, कालव्याची रेघ बोटानं धरत शोधलं.

नदीकाठही सपाट असतो, पण तिथं एक गोम आहे. सिंहगड रस्त्याला नदीलगतची एकतानगरी 2024 च्या जुलैत पाण्याखाली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सपाट रस्ता मिळतोय म्हणून तळमजल्यावरचं घर घेण्याआधी पूररेषा कुठून जाते ते विचारा. घरमालक सांगणार नाही. समोरचा वाणी सांगेल, भिंतीवरचा डाग दाखवून.

आता दिशा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, उन्हानं सांगितली. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल. पण घर जर कामाच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे तोंड करून जायचं आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून यायचं. म्हणजे दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत. तेच घर कामाच्या पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा ऊन पाठीवर. वाऱ्याचंही तसंच. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे वारा पश्चिमेकडून सुटतो, पावसाळ्यात तर तिकडूनच झोडपतो. पूर्वेला घर असलं की संध्याकाळी तो पाठीवर हात ठेवून घरी सोडतो. सकाळी मात्र पावसात समोरून तोंडावर घ्यावा लागतो, ते खरं.

इथं एक पेच आहे, आणि तो माझ्याकडून पुरता सुटलेला नाही. घर उंचावर आणि कचेरी खाली असेल तर सकाळी न घामेजता पोचता, संध्याकाळी दमून चढता, पण मग घरचीच न्हाणी असते. उलट असेल तर सकाळी घामाघूम होऊन साहेबासमोर उभं राहायचं. पुरुषमंडळी रुमालानं मान पुसून वेळ निभावतात. बायकांना कचेरीत कपडे बदलायला धड जागा असते का, हा प्रश्न घर शोधतानाच विचारात घ्यावा लागतो. माझं म्हणाल तर मी थोडासा चढ संध्याकाळी घेईन. थोडासा. अप्परचा नव्हे.

चढ एक वेळ पायांनी निस्तरता येतो. काही गोष्टी निस्तरता येत नाहीत, आणि माझ्या मते घर निवडताना त्याच सगळ्यात आधी बघाव्यात. घर आणि कचेरी यांच्या मध्ये काय आडवं पडलंय? नदी असेल तर पूल कोणता? मी एक पावसाळा भिडे पुलावरून जात होते. छोटा पूल, नदीला लागून, सुंदर. पण खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की पहिला तोच पाण्याखाली जातो. संध्याकाळच्या बातम्यांत 'भिडे पूल पाण्याखाली' ऐकलं की मी समजायची, उद्या म्हात्रे पूल. महामार्ग आडवा असेल तर गोष्ट आणखी गंभीर. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा तो उतार, तिथल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचता. नऱ्हे, आंबेगाव भागात घर स्वस्त मिळतं, पण रोज सकाळी तो ओलांडायचा असेल तर मी माझ्या भाच्याला तिथं राहू देणार नाही. लष्करी हद्दीतले रस्ते गर्द सावलीचे, शांत. मात्र कुठलं फाटक किती वाजता बंद होतं हे माहीत करून घ्या, नाहीतर रात्री आठला उलटं फिरावं लागतं.

आणि सायकल ट्रॅक? श्रोतेहो, 2006 साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, आली तेव्हा कडेनं सायकल ट्रॅक झाले. 2017 मध्ये महापालिकेनं सायकलींचा अख्खा आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या, थोडे दिवस फिरल्या आणि गेल्या. माझा कुणावर राग नाही. पण नकाशात हिरवी रेघ आहे म्हणून घर घेऊ नका. तो ट्रॅक जाऊन बघा. पेव्हर ब्लॉक, मग विजेचा डबा, मग उभ्या केलेल्या चार स्कूटर, मग पाणीपुरीची गाडी आणि तिच्याभोवती उभी गिऱ्हाइकं. त्यांच्यातून सायकल काढायची म्हणजे "सरका हो, सरका हो" करत जायचं. त्यापेक्षा मोठ्या रस्त्याला समांतर जाणारी आतली गल्ली मिळते का पाहा. पेठांत तर अशा गल्ल्या ढिगानं आहेत. एकेरी वाहतुकीमुळं जातानाची वाट वेगळी, येतानाची वेगळी, म्हणून दोन्ही वाटा बघून ठेवायच्या.

आता प्रत्यक्ष घर. लोक स्वयंपाकघराचा ओटा बघतात, नळाला पाणी किती वेळ येतं विचारतात. सायकलवाल्यानं जिना बघावा. सायकल रात्री कुठं झोपणार? माझ्या तिसऱ्या घराच्या मालकीणबाई, त्यांना मी काकू म्हणते, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "जिन्याखाली ठेव हो, पण भिंतीला टायरचा डाग लागता कामा नये. आत्ताच रंग दिलाय." मी भिंतीला जुनी सतरंजी टांगली. आठ वर्षं झाली, सतरंजी तिथंच आहे आणि काकूंच्या नातवाची सायकलही आता तिच्यामागं असते. मोठ्या सोसायट्यांमध्ये मात्र पार्किंगचे आकडे फक्त चारचाकींसाठी रंगवलेले. तिथं सायकल कुठंतरी खांबाला बांधायची, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सीट काढून नेतं. घंटी तर पहिल्याच आठवड्यात जाते. बाकी, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पंक्चरवाला असावा, एवढं एक बघाच.

तर भाचा. त्याला म्हटलं, वाकडला सगळे राहतात, पण वाकड आणि हिंजवडीच्या मध्ये महामार्ग आहे आणि सकाळी नऊला तिथला चौक म्हणजे काय ते एकदा उभा राहून बघ. महामार्गाच्या पलीकडे, हिंजवडीच्याच बाजूला घर मिळालं तर तो चौक रोज तुझ्या वाट्याला येणार नाही. फेज थ्री म्हणजे पार माणकडे, म्हणून आधी ऑफिस कुठं ते नक्की कर. तिकडं टँकरचं पाणी आहे, बांधकामांमुळे मिक्सर आणि डंपर आहेत, त्यांच्या डाव्या अंगाला कधी घुसायचं नाही. ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस.

आणि सगळ्यात मुख्य, अनामत देण्याआधी त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा सायकलनं जा, आणि परतही ये. त्यानं ऐकलं. शनिवारी रात्रीच्या गाडीनं आला, रविवारी सकाळी माझी सायकल घेऊन गेला आणि दुपारी फोन केला, "मावशी, रस्ता मोकळा आहे, बारा मिनिटं लागली!" मी म्हटलं, "बाळा, रविवारी तर अप्परही सपाट असतं. उद्या नऊ वाजता जा." सोमवारी गेला. सव्वीस मिनिटं. मिक्सरच्या मागं चार मिनिटं उभा होता म्हणे.

घर घेतलंय त्यानं, माणच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वॉचमननं सायकल खाली ठेवू दिली नाही, म्हणून रोज रात्री खांद्यावर मारून वर नेतो. काल परत फोन होता. पहिला पाऊस झाला होता आणि पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ उमटली होती. विचारत होता, "मावशी, मागचा मडगार्ड बसवायला किती घेतात?"

नमस्कार.