पंखा लावला आणि तापमान वाढलं

मंडळी, मे महिन्यातली गोष्ट. माझा घरचा सर्व्हर माळ्यावर असतो. जुनाच डेस्कटॉप, एएमडीच्या रायझन ७ १७००एक्स प्रोसेसरचा, आत दोन हार्ड डिस्क. एका दुपारी आलेखावर डिस्कचं तापमान दिसलं ५२. म्हटलं, टेबलफॅन लावू. अर्ध्या तासाने ५६! पंखा आणखी जवळ सरकवला, तर ५८. घरातून चेष्टेत सल्ला आला, "मग बंद करून बघ." केला बंद, आणि आकडा उतरला की!

सेन्सर बिचारा शुद्धीवर होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्याला 'स्मार्ट' तक्ता म्हणतात. त्यात तापमानाची १९० क्रमांकाची नोंद असते. तिथे एका रकान्यात कच्चा आकडा, दुसऱ्यात 'व्हॅल्यू'. बऱ्याच डिस्कमध्ये ही व्हॅल्यू म्हणजे शंभरातून तापमान वजा केलेलं. आलेखासाठी आकडे गोळा करणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, नेमका तोच रकाना उचलत होती. ५२ दिसत होते तेव्हा डिस्क ४८ अंशांवर होती, आणि पंख्याने ती ४२ वर आणली होती. महिनाभर मी आलेख उलटा वाचत होतो.

तेव्हापासून आकडा विचित्र दिसला की मी सेन्सरला शिव्या देत नाही. आधी विचारतो, हा आकडा नक्की कशाचा?

प्रोसेसरचंच घ्या. १७००एक्सचा 'टीसीटीएल' हा पंख्याच्या नियंत्रणासाठीचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त असतो, आणि तो कंपनीने मुद्दाम तसा ठेवलेला आहे, वेगवेगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच हिशेबाने चालावेत म्हणून. काही घरांत भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, तसंच हे. खऱ्या तापमानाचा आकडा वेगळा, 'टीडाय' नावाचा. इंटेलचा सेन्सर कमाल मर्यादेपासून किती खाली आहोत ते मोजतो. मर्यादेजवळ तो विश्वासाचा, थंड असताना ढिला. त्यामुळे रिकाम्या बसलेल्या दोन कोअरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या गणन-भागांमध्ये) चार अंशांचा फरक दिसला तर झोप उडवून घेऊ नका.

मदरबोर्डवरची तापमान मोजणारी चिप आणखी गमतीची. तिच्या काही पायांना बोर्डवाल्याने काही जोडलेलंच नसतं. लिनक्सवर 'सेन्सर्स' ही सगळे आकडे दाखवणारी आज्ञा चालवली की तिथे उणे ६२ किंवा १२७ असं काहीही येतं. ती ओळ त्या आज्ञेच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, 'इग्नोर' करायची, बस्स. बऱ्याच बोर्डांवर 'एसीपीआयटीझेड' नावाचा, बोर्डाच्या फर्मवेअरकडून येणारा आकडा थंडी-उन्हाळा २७.८ च दाखवतो. तोही तसाच, दुर्लक्ष करण्याजोगा.

रीबूटनंतर आकडे अदलाबदल झालेले दिसले तर एचडब्ल्यूमॉनचे क्रमांक बदललेले असतात. (एचडब्ल्यूमॉन म्हणजे लिनक्समध्ये प्रत्येक सेन्सरसाठी असलेले क्रमांकांचे फोल्डर.) काल २ म्हणजे प्रोसेसर, आज २ म्हणजे एसएसडी. म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहू नका, त्या फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचा.

आता माझी आवडती चाचणी, बिनखर्चाची. यंत्र रात्रभर बंद ठेवा. सकाळी खोलीतला थर्मामीटर बघा, सुरू करा आणि लगेच आकडे वाचा. डिस्क खोलीइतकीच हवी. प्रोसेसर काही सेकंदांतच चार-पाच अंश वर जातो, ते चालेल. पण खोली ३२ आणि डिस्क २५? मग आकडा चुकीचा. पंख्याने कुठलीही वस्तू खोलीपेक्षा थंड होत नाही, माठ सोडून. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या चकचकीत हीटसिंकवर इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) मात्र रोखू नका. ती बरेचदा समोरच्या माणसाच्याच उष्णतेचं प्रतिबिंब मोजते.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली. टेबलफॅन अजून माळ्यावरच आहे. ४८ म्हणजे काही थंड नव्हे.