चंद्र जरा डावीकडं घे
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाट. खानापूर–जांबोटी रस्ता. धुक्यातून येणारा टेम्पो.]

हे धुकं खरं आहे. घाटावरून येतं, रस्त्यावर तासभर रेंगाळतं आणि ऊन चढलं की जातं. नीट बघून घ्या. यापुढं जे धुकं दिसेल ते सगळं बनवलेलं.

टेम्पोच्या हौद्यात दोरीनं आवळलंय ते तुळशीवृंदावन फायबरचं आहे. एक माणूस ते काखेत मारून चालू शकतो. बाजूला वडाच्या पारंब्या, काथ्याच्या. खाली पोत्यांत पाचोळा. जंगलाच्या तालुक्यात पाचोळा पोत्यातून कशाला आणायचा, असं वाटेल. पण इथला पाचोळा दवानं भिजलेला असतो. पाय पडला तरी आवाज करत नाही आणि न वाजणारा पाचोळा भयमालिकेच्या काय कामाचा?

[दृश्य : वाड्याचा दिंडीदरवाजा. जीपची नंबरप्लेट काढणारे हात.]

एका मराठी वाहिनीच्या भयमालिकेचं हे लोकेशन. जुना वाडा, जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी खांब, वर खानापुरी कौलं. मालिकेतलं गाव मात्र कोकणातलं. म्हणून सकाळचं पहिलं काम हे. जीपवरची कर्नाटकातली केए 22 ची पाटी उतरते, सिंधुदुर्गची एमएच 07 ची चढते. वळणावरच्या कन्नड मैलाच्या दगडावर पोतं, पोत्यावर रानवेल. हा मराठी मुलूख कर्नाटकात राहिला म्हणून 1956 पासून मोर्चे निघाले, सीमाप्रश्नावर आयोग बसला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. इथं कलाविभागाच्या दोन पोरांनी चार स्क्रूत हद्द बदलली. काम झाल्यावर त्यातला एक आम्हाला विचारतो, "घेतलासा काय शूटिंगमधी?"

घेतलं की.

[दृश्य : ओसरीवर मडक्यांची रांग.]

भयमालिकेला मडकी फार लागतात. कुणी तरी दचकतं, मडकं फुटतं. टेक चुकला की दुसरं. खानापूरची माती नावाजलेली, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही याच गावात. पण इथला कुंभार चांगलं मडकं देतो, हीच अडचण. नीट भाजलेलं मडकं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं की नुसतं गडगडतं. मग त्याला सांगावं लागलं, मामा, अर्धं कच्चंच ठेवा. त्याला ते पटलं नव्हतं. पैसे मिळणार होते तरी कच्चं मडकं भट्टीतून बाहेर काढताना त्याचा चेहरा बघा.

[दृश्य : परसातलं पातेलं. उकळता चहा. त्यात बुडवलेली साडी.]

आता भुताची साडी. ही बेळगावच्या वडगावातल्या मागावरची. शहापूर-वडगाव-खासबाग हा आमचा विणकरांचा पट्टा. दुकानातून आणलेली पांढरी साडी कॅमेऱ्याला चालत नाही. दिवा पडला की ती जळते, म्हणजे पडद्यावर तिथं नुसता पांढरा डाग राहतो, चुण्या दिसत नाहीत. म्हणून तिला बिनदुधाच्या चहात बुडवायचं. एकसारख्या चार साड्या, चारही एकाच रंगाच्या झाल्या पाहिजेत, नाही तर दारातून आत येताना भूत साडी बदलून आलं असं वाटेल. हे काम बघणाऱ्या अक्का पातेल्यात लाकडी उलथनं फिरवतात आणि म्हणतात, "मेलेल्या बाईला धुतल्यागत पांढरं कशाला पायजे? मळलेलंच बरं दिसतंय."

वाळल्यावर पदराला मुलतानी माती चोळायची. तीच माती कपाटावर, तुळईवर, पलंगावर फुंकली की चाळीस वर्षांची धूळ दोन मिनिटांत बसते. कोळ्याची जाळी मात्र रबराच्या सोल्युशनची. पंखा लावलेल्या ड्रिलमधून सोल्युशन सुटतं आणि तंतू होऊन कोपऱ्यात जाऊन चिकटतं. हे दृश्य आम्ही जरा लांबवलंय. बघत राहावंसं वाटतं.

[दृश्य : माडीची तुळई. कप्पी, वायर दोर, हार्नेस.]

ही कप्पी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तयार झाली. बेळगावच्या फाउंड्र्या आणि लेथ देशभरच्या पंपांना, गाड्यांना, हायड्रॉलिक यंत्रांना भाग पुरवतात. त्यांतल्याच एका शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, एका टर्नरनं ही खोबण वळवली. बाजारातली कप्पी फिरताना कुरकुरते आणि भूत वर जाताना कुरकुर आली तर सीन गेला. या कप्पीत बेअरिंग आहे. आधी वाळूची पोती टांगून वजन बघतात, मग माणसाला. दोर काळा का, तर मागं अंधार आहे. आणि दिवा कधीही दोराच्या समोरून मारायचा नाही, तो चकाकतो.

नाटकाच्या यंत्रांची ही हौस या मुलखात जुनी. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली जन्मले ते याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. 1880 साली त्यांनी पुण्यात संगीत नाटकाची घडी बसवली, पण त्याआधी बेळगावात त्यांची नाटकाची खटपट चालूच होती. पुढं कंपन्या आल्या, पडदे आले, पडदे ओढणारे आले. तिकडं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी घडवला. नटांची नावं राहिली. पडदा ओढणाऱ्याचं एक तरी नाव तुम्हाला आठवतंय का?

[दृश्य : मेकअपची खोली. आरशाभोवती दिवे. अभिनेत्रीचा अर्धा चेहरा.]

दुपारी दोन. मेकअपला बसलेली अभिनेत्री मोबाइलवर मुलाचा गृहपाठ बघते आहे. गालावर द्रवरूप लेटेक्स, त्यावर टिश्यूचा पातळ पदर, त्यावर पुन्हा लेटेक्स. वाळलं की चिमटीत धरून सुरकुती पाडायची. आमचे मेकअपमामा शहापूरचे. गणपतीच्या मूर्तींना डोळे काढत मोठे झाले. डोळ्यांखाली काळं लावायचं नाही, असं त्यांचं मत आहे. निळसर आणि जांभळं लावायचं, कारण रक्त साकळलं की तसं दिसतं. "काळं लावलं की पोरगी काजळ पसरल्यागत दिसतीया. भ्या कुणाला वाटंल?"

रक्त ग्लुकोजच्या पाकात खायचा लाल रंग घालून करतात, त्यात निळ्याचा एक थेंब. तो नसला तर सरबत दिसतं. मुंग्या लागतात, त्यामुळं बाटली पाण्याच्या थाळ्यात.

शेवटी पांढऱ्या लेन्स. त्या घातल्या की तिला समोरचं धूसर दिसतं, म्हणून सेटवर भुताला हात धरून न्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल असतात.

[दृश्य : संध्याकाळ. परांची. दिवा वर चढतो आहे.]

सूर्य मावळला. आता चंद्र.

बांबूची परांची, त्यावर मोठा दिवा. उजेड दिवसाच्या रंगाचा, साधारण 5600 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). कॅमेरा मात्र 3200 वर, पिवळ्या बल्बच्या हिशेबानं लावलेला. दोन्हींतली तफावत पडद्यावर निळी होऊन येते. तेच आपलं चांदणं. जळत्या कंदिलाचा पिवळा त्या निळ्यात उठून दिसतो, म्हणून भयकथेतल्या बाईच्या हातात नेहमी कंदील. वीज गेल्याचं कारण लेखक नंतर शोधतो.

टँकर येतो, अंगण भिजवतो. सुकं अंगण उजेड गिळतं, ओलं अंगण तो परत फेकतं. खालून आवाज येतो, "चंद्र जरा डावीकडं घे रे!" परांचीवरचा माणूस चंद्र डावीकडं घेतो. तो येळ्ळूरचा. दिवसा त्याचं भाताचं शेत असतं.

मग धूर. मशीन आहे, ग्लायकॉल आणि पाणी तापवून पांढरा धूर सोडतं. शिवाय जुन्या पद्धतीचं धुपाटणंही आहे, निखाऱ्यावर राळ आणि नारळाच्या शेंड्या.  दोन्ही एकत्र सोडले की कवडसे दिसतात. पण वारा घाटातून येतो, तो कॉलशीट, म्हणजे शूटिंगचं वेळापत्रक, वाचत नाही. सगळे थांबतात. दिग्दर्शकही थांबतो. धुपाटणंवाला बोट ओलं करून वर धरतो आणि मान हलवतो. अजून नाही.

[दृश्य : जिना. अभिनेत्री उलटी चढते आहे. तोच शॉट, सुलट.]

हा आमचा सगळ्यांत आवडता शॉट. ती जिना उतरताना दिसते, पण काही तरी चुकल्यासारखं वाटतं. साडी पायांच्या पुढं वळते, केस वरून खाली यायच्याऐवजी खालून वर जातात. तुमचं डोकं हिशेब लावू बघतं आणि लागत नाही. खरं तर ती पाठमोरी, एकेक पायरी चाचपत वर चढली आहे, आणि संकलनात शॉट उलटा फिरवलाय. एवढंच. या शॉटला धूर मात्र बंद, कारण उलटा फिरवला की धूर मशीनमध्ये परत जाताना दिसतो. लेन्स घालून ती हे करते. पायरीच्या कडेला दोन माणसं हात पुढं करून बसलेली, चौकटीच्या जरासं बाहेर.

[दृश्य : साउंड रेकॉर्डिस्ट. हेडफोन. पैंजणांना गुंडाळलेली चिकटपट्टी.]

भुताच्या पैंजणांना चिकटपट्टी लावली आहे. वाजले तर संवाद बुडतात. छुमछुम नंतर स्टुडिओत. इथं रेकॉर्डिस्टला हवी असते ती शांतता, आणि खानापूर तालुक्यात ती फारशी मिळत नाही. रातकिडे, खालच्या वाडीतलं भजन, शेवटच्या लाल बसचा हॉर्न. सगळ्यांना गप्प उभं करून तो अर्धा मिनिट रिकाम्या वाड्याचा आवाज टिपतो. त्या अर्ध्या मिनिटात सेटवर कुणीही हलत नाही, चहावालाही नाही.

आता गावकऱ्यांचा सीन. बायका वाडीतल्याच. एकीला वाक्य आहे, "त्या माडीवर कुणी जात नाही." पहिल्या टेकला ती तिच्या घरी बोलते तसं बोलते, हेल काढून. सहायक येतो, अक्का, जरा पुस्तकातलं बोला. दुसरा टेक. तिसऱ्याला वाक्य बरोबर येतं आणि त्यातली बाई हरवते. नंतर तिचा आवाज डब होणार आहे. भिंती आमच्या चालतात, धुकं चालतं, मडकी, साडी, कप्पी, हात सगळं चालतं. आवाज तेवढा बाहेरून येतो. भूत निदान आमच्या मराठीत बोललं असतं तर आम्हीही जास्त घाबरलो असतो, असं मला वाटतं.

[दृश्य : वाड्याच्या मालकीण आजी, खुर्चीत. मांडीवर मांजर.]

आजी रोज शूटिंग बघतात. भीती वाटत नाही का, असं विचारलं. "भूत-बीत काय नाही बाबा. उंदरं हाईत." मालिका सुरू झाल्यापासून लोक याला भुताचा वाडा म्हणतात आणि मागच्या दोन खोल्यांना भाडेकरू मिळत नाही.

एपिसोडच्या आधी पाटी येते, अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे, कर्नाटकात 2020 पासून. पाटी काही सेकंद राहते.

[दृश्य : पॅकअप. दिवे विझतात. जीपवर पुन्हा केए 22.]

मध्यरात्र उलटली. आज जे शूट झालं त्यातून 22 मिनिटांच्या एका एपिसोडचा मोठा भाग निघेल. परांची सुटते, साड्या हँगरवर, कप्पीला तेल. स्थानिक कामगारांचे पैसे महिन्याभरानं येतात, कधी त्याहून उशिरा. मैलाच्या दगडावरचं पोतं काढायचं राहिलं होतं, ते एका बैलगाडीवाल्यानं सकाळी काढलं.

टीव्हीवर शेवटची श्रेयनामावली जाहिरातीशेजारी अर्ध्या पडद्यावर पळते. त्यात "स्थानिक सहकार्य" अशी एक ओळ आहे. आमच्या फिल्मची नामावली आता सुरू होतेय. कुंभारमामा, टर्नर, चहात साडी बुडवणाऱ्या अक्का, परांचीवरचा चंद्रवाला, धुपाटणंवाला, पायरीच्या कडेला हात पुढं करून बसलेले दोघं. पूर्ण नावं, गावासकट. वाचून होतील एवढ्या वेगानं सोडली आहेत.