मागे कोण बसलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

रस्त्यात रुग्णवाहिका दिसली की आपण वरचा दिवा बघतो, गाडी बाजूला घेतो. निदान घ्यावी अशी अपेक्षा असते. घरातली जुनी माणसं हात जोडतात, कुणाचं लेकरू असेल ते सुखरूप पोचू दे म्हणतात. मी 34 वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यामुळे माझी सवय वेगळी. मी मागच्या काचेतून आत डोकावते. पेशंटजवळ मागे कोण बसलंय? नुसते रडणारे नातेवाईक आहेत, की ज्याला काही कळतं असं कुणी आहे?

हा प्रश्न लक्षात ठेवा. मागे कोण बसलंय. आज ज्या बाईंची आठवण काढायची आहे, त्यांचं अर्धं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. बाईंचं नाव डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन. जन्म 1944चा, अमेरिकेतल्या बॉस्टनजवळचा.

मी तालुक्याच्या दवाखान्यात लागले तेव्हा पेशंट यायचे बैलगाडीतून, बाजेवरून, दुधाच्या टेंपोतून. एकदा तर ड्रायव्हरने अख्खी एसटी प्रवाशांसकट आमच्या आवारात आणून उभी केली होती. अडलेली बाई होती आत. कंडक्टर आम्हाला म्हणाला, "सिस्टर, लवकर करा, पुढच्या स्टँडला टाइम लागतो." बाळ-बाळंतीण दोन्ही सुखरूप, काळजी करू नका. मला तेव्हा वाटायचं, हे आपल्याकडचंच. तिकडे अमेरिकेत सगळं चकचकीत असणार.

कसलं काय! 1960च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीची व्यवस्था बघणारे लोक चालवायचे. कारण साधं होतं. माणूस आडवा झोपू शकेल एवढी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. म्हणजे शववाहिका आणि रुग्णवाहिका एकच! 1966 साली तिथल्या विज्ञान अकादमीने अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की गंभीर जखमी माणूस शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर वाचण्याची शक्यता जास्त. सैनिकाजवळ निदान शिकलेला माणूस लगेच पोचतो.

पिट्सबर्ग नावाच्या पोलादाच्या शहरात हे काम पोलिसांकडे होतं. उचला आणि पळा. पेशंट गाडीत मागे टाकायचा, दोघं पोलीस पुढे बसायचे. मागे कोण बसलंय? कुणीच नाही. नोव्हेंबर 1966मध्ये त्याच राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळले. श्रोत्यांतल्या एका नर्सने त्यांचा श्वास चालू ठेवायची खटपट केली, मग पोलिसांच्या गाडीतून त्यांना नेलं. हृदय सुरू झालं, पण मेंदू गेलेला. अडीच आठवड्यांनी ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत.

त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते पीटर सफार. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन माणूस जगवायची जी पद्धत आज आपण शाळेतल्या पोरांना शिकवतो, ती घडवणाऱ्यांतले हे एक. त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. त्यांनी ठरवलं, गाडीत मागे बसणारा माणूस तयार करायचा. आणि तो आणला कुठून? हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतून. काहींची शाळा सुटलेली, काही व्हिएतनामहून परतलेले, काहींना कामच नव्हतं. त्यांना सुमारे 300 तास शिकवलं आणि 1968 साली सेवा सुरू झाली. नाव फ्रीडम हाउस.

आता मी मला सांगायची असलेली गोष्ट सांगते. घड्याळाकडे बघणार नाही.

आपल्या दवाखान्यांत वॉर्डबॉयला काय म्हणतात? मामा. आणि आयाबाईला मावशी. "मामा, स्ट्रेचर आणा." "मावशी, बेडपॅन द्या." आता, यात माया आहे असं सगळे म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. 34 वर्षांत मी शंभर मामांबरोबर काम केलं असेल, त्यांतल्या किती जणांचं नाव मला ठाऊक होतं? दहा? नाव माहीत नसलं की मामा म्हणायचं, सोपं पडतं. असो.

तर पिट्सबर्गमध्येही एका हॉस्पिटलात असाच एक मामा होता. मामाचं नाव जॉन मून. नाव मुद्दाम सांगते. कृष्णवर्णीय तरुण. काम तेच, पेशंट इकडून तिकडे न्यायचा, चादरी बदलायच्या, सांगतील ते उचलायचं. त्या हॉस्पिटलात त्याच्या रंगाचा माणूस असायचा तो अशाच कामावर.

एक दिवस दोन माणसं पेशंटला घेऊन आत आली. गणवेशातली, मूनच्याच रंगाची. आणि त्यांची चाल बघा! मान वर. सरळ आत आली, पेशंटला काय झालंय, आम्ही काय केलंय, हे तिथल्या लोकांना सांगितलं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. मून चादर हातात घेऊन बघत राहिला असेल, असं माझ्या डोळ्यांसमोर येतं. चादर माझी, पण बाकीचं तो स्वतः आजवर सांगत आला आहे. हे कोण आहेत? हे करतात काय? आणि लगेच पुढचा विचार, मला यांच्यासारखं व्हायचंय.

अशी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मला ही गोष्ट इतकी आवडते. ड्रेसिंग करताना मामा शेजारी उभा असतो, सगळं बघत असतो. एखाद्या दिवशी हळूच म्हणतो, "सिस्टर, पट्टी जरा सैल वाटतेय." आणि सैलच असते हो! पण त्याला शिकवायचं कुणाच्या मनात येत नाही.

मूनला शिकवणारी संस्था मिळाली. तो फ्रीडम हाउसमध्ये दाखल झाला, गाडीवर जाऊ लागला. आणि मग 1970च्या दशकाच्या मध्यावर तिथे वैद्यकीय प्रमुख म्हणून आल्या आपल्या नॅन्सीबाई. वय तिशीचं, गोऱ्या, मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या. सफार सरांकडे अतिदक्षता शिकायला आल्या होत्या. सरांनी त्यांना सांगितलं, देशभरासाठी पॅरामेडिकचा, म्हणजे गाडीत मागे बसून उपचार करणाऱ्या शिकलेल्या माणसाचा, अभ्यासक्रम लिहायचाय, आणि तो या पोरांच्या बरोबरीने लिहायचाय.

दुसऱ्या कुणी खुर्चीत बसून लिहिला असता. बाई गाडीत मागे जाऊन बसल्या. मागे कोण बसलंय? डॉक्टरीणबाई स्वतः! रात्री-अपरात्री पोरांबरोबर फिरायच्या. प्रत्येक खेपेनंतर उलटतपासणी, हे का केलं, ते का नाही केलं. कडक होत्या. पोरं वैतागली असतील, मी विद्यार्थिनी असताना आमच्या मेट्रनबाईंवर वैतागायची तशी. पण कडक माणूस आपल्याला शिकण्याच्या लायकीचं समजतो, हे नंतर कळतं.

त्यांनी मूनला काय शिकवलं? श्वासनलिकेत नळी घालायला. ऐकताना सोपं वाटतं. पेशंट बेशुद्ध, जमिनीवर पडलेला. आपण त्याच्या डोक्याशी पालथं पडायचं. डाव्या हातातल्या दांडीने जीभ वर उचलायची, दातांवर जोर पडू द्यायचा नाही. आत खोल दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, त्यांच्या मधून नळी सरकवायची. जरा चुकली की अन्ननलिकेत, म्हणजे हवा पोटात आणि माणूस हातचा गेला. मग दोन्ही बाजूंना छातीवर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. हे तेव्हा हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञाने करायचं काम. आणि हॉस्पिटलबाहेर, भर वस्तीत हे करणाऱ्या अगदी पहिल्या पॅरामेडिक लोकांत जॉन मून आहे. कालचा चादरी बदलणारा मामा!

यावरून आठवलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आणि फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका, कांदाही नको. एका कुशीवर वळवा. किती वर्षं सांगतेय, पण चप्पल निघतेच.

एवढं चांगलं चाललेलं, पण टिकलं नाही. ऑक्टोबर 1975मध्ये पिट्सबर्ग शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत बहुतेक सगळे गोरे. बाई आपल्या माणसांसाठी भांडल्या. माणसं घेतली, पण जोड्या फोडल्या, परीक्षा घेतल्या, ज्यांनी माणसं जगवली त्यांना नुसतं सामान उचलायला लावलं. बरेच जण गळाले. बाईही तिथून बाहेर पडल्या. मून मात्र चिकटून राहिला आणि चढत चढत त्या सेवेचा उपप्रमुख झाला. तिथे बसून त्याने आपल्यासारखी माणसं शोधून भरती करायचा सपाटा लावला. त्यात एक मुलगी होती, अमेरा गिलख्रिस्ट. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

अगं बाई, घड्याळ बघितलं. आता भरभर.

बाईंनी लिहिलेला अभ्यासक्रम अमेरिकेने देशभर स्वीकारला. 1979 साली त्यांचं पाठ्यपुस्तक आलं, इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स. त्याच्या नव्या आवृत्त्यांवर अजून त्यांचंच नाव असतं. मग त्या इस्राएलला गेल्या, तिथल्या मागेन डेव्हिड अदोम या रुग्णवाहिका सेवेच्या पहिल्या वैद्यकीय संचालक झाल्या. मग नैरोबीला, विमानाने पेशंटपर्यंत पोचणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर्समध्ये. पुन्हा इस्राएल. यातल्या एकेका गावावर एकेक भाषण होईल, पण मी सगळा वेळ मामावर घालवला.

आपल्याकडचं एक वाक्य. 2014 साली महाराष्ट्रात 108 सुरू झाली, 937 गाड्या, आणि मागे डॉक्टर बसलेला. ही चांगली गोष्ट आहे. कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेल्या, बाहेरून फोटोंनी भरलेल्या आणि आत नुसता बाक असलेल्या गाड्यांबद्दल मी बोलत नाही, कारण देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण बाकाऐवजी एका पोराचं शिक्षण दिलं असतं तर? सोडा.

बाईंनी शेवटचं काम काढलं ते अगदी उलटं. 1995 साली इस्राएलमधल्या गॅलिलीच्या डोंगराळ भागात त्यांनी हॉस्पिस सुरू केलं. जे वाचणार नाहीत अशांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायचं. इथे भोंगा नाही, घाई नाही. पेशंटच्या उशाशी बसायचं. 2002च्या डिसेंबरात त्या स्वतः रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वय 58.

आणि अमेरा गिलख्रिस्ट. 2023 साली पिट्सबर्गच्या रुग्णवाहिका सेवेची ती प्रमुख झाली. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई, आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्तीसुद्धा. तिला मूनने निवडलं, मूनला नॅन्सीबाईंनी शिकवलं.

समोरच्या काचेपलीकडून मला हाताने खूण होतेय, थांबा म्हणून. नमस्कार.