क्रिप्टो सेव्हिंग: फ्लेक्झिबल घ्यायचं का लॉक करायचं?

क्रिप्टो सेव्हिंग म्हणजे आपले कॉइन एखाद्या कंपनीकडे ठेवून त्यावर व्याज घेणं. त्याबद्दल बऱ्याच चिठ्ठ्या आल्यात आणि प्रश्न जवळपास एकच आहे, फ्लेक्झिबल (कधीही काढा) की फिक्स्ड (ठरलेल्या मुदतीपुरतं लॉक), आणि त्याखाली लगेच “व्याज कशात जास्त?” तर व्याज साधारण फिक्स्डमध्ये जास्त असतं, झालं उत्तर. पण जास्त म्हणजे किती ते बघा ना. समजा तुमच्याकडे दहा हजारांचे कॉइन आहेत, फ्लेक्झिबलला ४ टक्के मिळतायत आणि ९० दिवसांच्या लॉकला ७, हे टक्के वर्षाचे असतात बरं का, म्हणजे तीन महिन्यांत फरक पडला साधारण ७४ रुपयांचा! आणि त्यासाठी हात कशावर बांधून घेताय, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास असलेलं बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आलं होतं. व्याजही कॉइनमध्येच मिळतं, त्यामुळे कॉइन वाढले आणि भाव निम्मा झाला तर त्या व्याजाचं लोणचं घालायचं का?

काही ठिकाणी, उदाहरणार्थ बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर, लॉक मुदतीआधी मोडता येतं, पण जमलेलं व्याज जातं. फ्लेक्झिबलचा दर रोज हलतो, आणि जाहिरातीतला मोठा आकडा कधीकधी पहिल्या थोड्या रकमेपुरताच असतो, तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लोक याला सरळ एफडी म्हणतात, तिथेच घोळ होतो. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथे तसलं काही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तुमचे कॉइन पुढे कुणाला तरी उसने देऊनच व्याज काढतात. अमेरिकेतली सेल्सियस घ्या, कॉइन ठेवून घेऊन व्याज देणारी कंपनी. कधीही काढा म्हणायचे, लॉक नाही, आणि १२ जून २०२२ ला सगळ्यांचंच विड्रॉवल बंद. महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की अर्न म्हणजे व्याजाच्या खात्यांमधले कॉइन कंपनीचे, कारण अटींमध्ये तसं लिहिलं होतं आणि लोकांनी ‘मान्य’ दाबलं होतं. सिंगापूरच्या वॉल्ड या तसल्याच कंपनीनेही त्याच जुलैत पैसे काढणं थांबवलं, तिथे आपले भारतातले बरेच लोक अडकले. फिक्स्डवाला आणि फ्लेक्झिबलवाला एकाच रांगेत.

म्हणून नवीन असाल तर माझं मत फ्लेक्झिबल, तेही थोडकं, आणि टाकल्यावर एकदा थोडे काढून बँकेपर्यंत येतायत का बघा. विकताना १ टक्का टीडीएस कापला जाऊ शकतो, नफ्यावर ३० टक्के टॅक्स, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, तेही धरूनच हिशोब करा. लॉक फक्त त्या कॉइनचं, जे तुम्ही तसेही दोन-तीन वर्षं विकणार नव्हतात. आणि ऑटो रिन्यूची खूण आधीच लावलेली असू शकते, ती काढा, नाहीतर मुदत संपल्या संपल्या पैसे परत आत जातील.