करडांच्या खुराकाला पाल्याची जोड

शेळीपालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

शेवरीची एक डहाळी करडासमोर धरून बघा. आधी ते शेंडा हुंगतं, मग ओठानं पान ओढून घेतं आणि दांडीवरची पानं एकेक करून उतरवत जातं. तीच डहाळी जमिनीवर टाका, तिच्यावर दोन-चार पाय पडू द्या. आता तेच करडू तोंड फिरवेल. शेळी मान वर करून खाणारी. म्हणून पाल्याची जुडी बांधून ती तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी. नासाडी कमी होते, शिवाय जंतांच्या अळ्या जमिनीलगतच्या ओल्या गवतावर असतात, त्याही पोटात जात नाहीत.

"पाला भरपूर आहे, मग खुराक, म्हणजे धान्य-कोंडा-पेंडीचं मिश्रण, कशाला?" असं मला बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. शेवरी, हदगा, सुबाभूळ, शेवगा यांच्या कोवळ्या पाल्यात, पाणी वगळून मोजलं तर, 20 टक्के किंवा त्याहून जास्त प्रथिनं असतात. वाढत्या करडाला एकूण आहारात 14 ते 16 टक्के पुरतात. तरीही नुसत्या पाल्यावर ठेवलेलं करडू हवं तसं भरत नाही.

असं का होतं, ते सांगतो. पाल्यातली बरीचशी प्रथिनं कोठीपोटातले, म्हणजे शेळीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधायला त्यांना त्याच वेळी ऊर्जा लागते. ती मिळते भरडलेल्या मक्यासारख्या धान्यातून. ऊर्जा कमी पडली तर जादा अमोनिया रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि बराचसा लघवीवाटे निघून जातो. एवढ्या कष्टानं तोडून आणलेला पाला असा वाया जाताना पाहून जीव हळहळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, पाला आणि भरडा एकाच दिवशी, थोडे थोडे, दोन-तीन वेळा विभागून द्या.

आता माप. 15 किलोच्या करडाला दिवसाला साधारण अर्धा किलो सुकं अन्न लागतं. हिरव्या पाल्यात जवळपास 70 टक्के पाणी असतं. तेव्हा सहाशे-सातशे ग्रॅम हिरवा पाला, दीडशे ग्रॅम कोरडी कुट्टी आणि दोनशे ग्रॅम खुराक, असा मेळ बसतो. खुराकात निम्मा मक्याचा भरडा, पाव हिस्सा गव्हाचा कोंडा, उरलेल्यात शेंगदाणा पेंड, शिवाय दोन टक्के खनिज मिश्रण आणि एक टक्का मीठ. पाला चांगला प्रथिनांचा असेल तर पेंड कमी करता येते, आणि पेंडच तर सगळ्यात महाग. मक्याला मात्र हात लावू नका.

सुबाभळीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तिथं मी स्वतः चुकलो आहे. एका उन्हाळ्यात दुसरं काही हिरवं नव्हतं, म्हणून करडांना एकाएकी पोटभर सुबाभूळ घातली. काही दिवसांनी एका पाटीच्या, म्हणजे मादी करडाच्या, पाठीवरून हात फिरवला, तर केसांचा पुंजका हातात आला. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं केस गळतात, आणि ते फार दिवस पोटात जात राहिलं तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही सुजते. गंमत अशी, की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत असत. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जीवाणू हे विष निकामी करतात. आपल्या शेळ्यांत ते आहेतच असं धरून चालू नका. सुबाभूळ एकूण आहाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, दुसऱ्या पाल्यात मिसळून द्या आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा.

बाभूळ, बोर यांच्या पाल्यात टॅनिन असतं, म्हणून तो तुरट लागतो. थोडं टॅनिन चांगलंच, जंतांना काही अंशी आवर घालतं. जास्त झालं तर प्रथिनं बांधून ठेवतं आणि करडू खायचं कमी करतं. कण्हेरीचं पान मात्र चुकूनही जुडीत येऊ देऊ नका. ते जीवघेणं आहे, सुकलेलं असलं तरी.

बोकडांसाठी एक गोष्ट. धान्य आणि कोंडा जास्त झाला की आहारात फॉस्फरस वाढतो आणि लघवीत खडे धरतात. पाल्यात कॅल्शियम भरपूर असल्यानं तो तोल सांभाळला जातो. पाण्याची बादली तेवढी भरलेली ठेवा.

पाला जास्त असेल तेव्हा सावलीत पातळ पसरून वाळवा, कडक उन्हात त्याचा हिरवेपणा आणि कॅरोटीन जातं. पान मुठीत चुरडलं की खुळखुळ वाजून तुटलं पाहिजे. दमट वाटलं तर पोत्यात भरू नका, बुरशी धरेल. आणि दर आठवड्याला, त्याच दिवशी, सकाळी चारा घालण्याआधी चार-पाच करडं ताणकाट्यावर तोलून आकडे वहीत लिहा. दोन आठवडे वजन हललं नाही, तर आधी जंत बघा, मग मक्याचं माप.

नमस्कार.